पेपरमिंटची कापणी आणि हाताला बसणारी कंपने
पेपरमिंटची कापणी फुलोऱ्याच्या सुरुवातीस, तेलाचे प्रमाण चांगले असताना, थोड्याच दिवसांत उरकावी लागते. त्यामुळे ब्रश कटर, म्हणजे फिरत्या पात्याचे कापणी यंत्र, तासन्‌तास हातात राहतो आणि बोटांना मुंग्या येऊ लागतात. अशा वेळी केवळ हातमोज्यांवर भिस्त न ठेवता यंत्र बंद करून आधी पाते तपासावे, कारण वाकलेल्या किंवा एकाच बाजूने झिजलेल्या पात्याचा तोल बिघडतो आणि कंपने थेट मुठीपर्यंत पोहोचतात. मुठीजवळची कंपने शोषणारी रबरे चिरली असतील तर बदलावीत. यंत्राचा भार खांद्यावरच्या पट्ट्यावर घेऊन मूठ, ताबा सुटणार नाही इतपतच, सैल धरावी. कंपनाचे त्वरण, म्हणजे त्याची तीव्रता, निम्मे झाले, तर हातावर तेवढाच ताण येण्यास चौपट वेळ लागतो. म्हणूनच पात्यावर घालवलेली दहा मिनिटे वाया जात नाहीत. बोटे पांढरी पडू लागल्यास मात्र काम थांबवून डॉक्टरांना दाखवावे.