कॅम्परची बॅटरी बदललीत, वायर कोण बदलणार? या चुका टाळा

"दादा, बॅटरी फुल दाखवतीय पण इन्व्हर्टर पीं पीं करून बंद पडतोय, अजून एक बॅटरी टाकू का?"

हा फोन मला वर्षातनं किमान पाच-सहा वेळा येतो. बोलणारा दरवेळी वेगळा, पण गोष्ट एकच. कॅम्पर बनवायला ईको नाहीतर ट्रॅव्हलर व्हॅन घेतलेली असते, आत प्लायचा बेड ठोकलेला असतो, पहिली ट्रिप पवनेला छान झालेली असते, आणि मग हौस वाढते. जुनी लेड ॲसिड काढून लिथियम बसवतात, ३०० वॅटचा इन्व्हर्टर काढून १५०० वॅटचा लावतात, छपरावर पॅनल, झालं अपग्रेड. मधली वायर, लग (वायरच्या टोकाला चेपून बसवतात तो धातूचा तुकडा), फ्यूज मात्र तेच जुने. नवीन घेतलेच तर सगळ्यात स्वस्त, कारण बजेट बॅटरीतच संपलेलं असतं.

तर आधी वायरचंच बोलू, कारण माझा सगळ्यात जास्त जीव हिनेच खाल्लाय.

आपल्या डोक्यात घरची २३० व्होल्टची सवय बसलेली असते आणि वायरमनच्या डोक्यात तर जास्तच. माझ्या एका मित्राच्या ट्रॅव्हलरचं काम त्याच्या सोसायटीच्या वायरमननं केलं. माणूस चांगला, हातही साफ, पण वायर बारीक वाटतीय म्हटल्यावर म्हणाला, "साहेब, ही १० एमएमची आहे, घरात गिझर यापेक्षा बारीक वायरवर चालतो." (एमएम म्हणजे इथं वायरच्या छेदाचे चौरस मिलिमीटर.) चालतो ना, कारण २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर ९ अँपिअरसुद्धा घेत नाही. तेच २००० वॅट १२ व्होल्टवर काढायचे तर १६५ च्या वर अँपिअर लागतात, आणि वायर तापते ती अँपिअरनं, वॅट किती ते तिला कळत नाही.

मे अखेर होता, काजव्यांचे दिवस, आम्ही भंडारदऱ्याला शेंडी गावाच्या पुढे त्याच मित्राची गाडी लावलेली. बॅटरी ९० टक्के. वहिनींनी चहासाठी इंडक्शन १२०० वर लावला, चार-पाच मिनिटांत इन्व्हर्टर ओरडायला लागला आणि त्याच्या पाठोपाठ तो वास, गरम प्लास्टिकचा, ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. सीटखालचं झाकण उघडलं तर पॉझिटिव्हच्या लगवरची लाल स्लीव्ह तपकिरी होऊन आकसलेली आणि पुढची वीतभर वायर उकडलेल्या शेंगेसारखी मऊ. सगळं बंद केलं, चहा गॅसवर झाला, काजवे काही मी नीट बघितले नाहीत.

सकाळी मल्टीमीटर लावला. इंडक्शन अगदी अर्धा मिनिट चालू ठेवून बॅटरीच्या टर्मिनलवर बघितलं तर १२.९ व्होल्ट, लगेच इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर बघितलं तर १०.९. दोन व्होल्ट मध्येच गायब. बॅटरी ड्रायव्हरच्या मागे, इन्व्हर्टर मागच्या दाराशी, म्हणजे तीन मीटर जायला आणि तीन मीटर यायला. १० एमएमच्या सहा मीटर तांब्यात १२० अँपिअरला सव्वा व्होल्ट पडतो, म्हणजे वायरच्या पोटातच दीडशे वॅट जळत होते. उरलेला पाऊण व्होल्ट लगमध्ये, कारण लग, ज्याला वायरमन थिंबल म्हणतात, तो मशीननं दाबून पंच न करता पक्कड आणि हातोडीनं चेपलेला होता. आता बिचारा इन्व्हर्टर १०.९ बघून बॅटरी संपली म्हणणार नाहीतर काय म्हणणार? अशा वेळी दुसरी बॅटरी टाकून उपयोग शून्य.

वर अजून एक गंमत. बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता. "इन्व्हर्टरच्या आत आहे की फ्यूज." अरे पण मधली तीन मीटर वायर कोण सांभाळणार? तीच वायर पत्र्याच्या भोकातून ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवायचं रबरी कडं) न घालता नेलेली होती आणि पत्र्याच्या कडेनं वरचं इन्सुलेशन अर्धं खरवडलेलं. अजून दोन घाट झाले असते तर तांबं बॉडीला टेकलं असतं, आणि लिथियम बॅटरी शॉर्टमध्ये किती करंट ओतते ते बघायची माझी तरी इच्छा नाही.

उपाय साधा निघाला. इन्व्हर्टर उचलून बॅटरीच्या शेजारी आणला, मध्ये साठ सेंटिमीटर ५० एमएमची वेल्डिंग केबल, लग हायड्रॉलिक क्रिंपरनं पंच केलेले, आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एक वीत अंतराच्या आत २०० अँपिअरचा फ्यूज. लांबची वायर हवी तर ती २३० व्होल्टच्या बाजूला ओढा, तिथं अडीच एमएम पुरते. आता त्याच इंडक्शनला वायरमध्ये जेमतेम व्होल्टचा विसावा भाग पडतो. क्रिंपर विकत घेऊ नका, महाग आहे, बॅटरी केबल बनवणाऱ्या दुकानात मापं द्या, ते दहा मिनिटांत पंच करून देतात.

फ्यूज वायरच्या मापानं निवडायचा, वायरला जेवढं झेपतं त्याच्या आतला. फ्यूज उडतोय म्हणून मोठा टाकणाऱ्या माणसाशी मी बोलत नाही.

जाड वायर घेतानाही डोळे उघडे ठेवा. कार ॲक्सेसरीच्या दुकानात ॲम्प्लिफायरचे किट मिळतात, लालभडक, अंगठ्याएवढी वायर, किंमत बघून जीव हरखतो. बऱ्याचदा ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असते. एक तार काढून ब्लेडनं खरवडा, आत पांढरं चकाकलं तर दुकानदाराला परत द्या.

दुसरी माझी लाडकी चूक म्हणजे गाडीच्या अल्टरनेटरवरनं (इंजिनवर फिरून वीज बनवतो तो) लिथियमला थेट रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, टाकून चार्जिंग. ही मी स्वतः केलीय त्यामुळे हसणार नाही. लेड ॲसिड भरत आली की आपोआप करंट कमी घेते, लिथियम तसं नाही, ती जवळजवळ भरेपर्यंत जेवढं द्याल तेवढं ओढत राहते. मी गुहागरला ढग आले म्हणून दोन तास गाडी आयडलिंगवर ठेवून बॅटरी भरत बसलो होतो, फार हुशारी केल्यासारखं वाटत होतं. आयडलिंगला अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो, हवा नाही, आणि वर पूर्ण लोड. येताना कुंभार्ली घाट चढून वर आलो आणि डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा. चिपळूणला परत उतरायचं की पुढं कराडपर्यंत रेटायचं हे ठरवण्यात अर्धा तास गेला. रेटलं. अल्टरनेटर उघडल्यावर मेकॅनिकनं वाइंडिंग नुसतं दाखवलं, काळंकुट्ट.

बीएस६ गाड्यांत तर अजून वेगळी भानगड, पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटर स्मार्ट असतो, गाडीची बॅटरी भरली की व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो, मग रिलेवरची तुमची लिथियम कधीच पूर्ण भरत नाही आणि तुम्ही बॅटरीवाल्याला शिव्या देता. मध्ये डीसी टू डीसी चार्जर टाका, तो अल्टरनेटरकडून ठरावीकच करंट घेतो आणि लिथियमला हवं ते व्होल्टेज देतो. ३० अँपिअरचा असला तर तीन तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये नव्वदच्या आसपास अँपिअर-अवर आत जातात, पुण्याहून कोकणात पोचेपर्यंत काम झालेलं असतं. अल्टरनेटरच्या क्षमतेच्या अर्ध्यापेक्षा जास्त अँपिअर त्याच्याकडून मागायचे नाहीत ही माझी सवय. यूट्यूबवर रिलेचा शॉर्टकट पाच मिनिटांत दाखवतात, सहा महिन्यांनी काय झालं ते दाखवत नाहीत.

बाकीच्या फटाफट सांगतो.

लिथियमची चार्ज पातळी व्होल्टमीटरवर बघू नका. १३.२ आणि १३.३ मध्ये बॅटरी अर्धीही असू शकते आणि पाऊणही. शंटवाला मॉनिटर लावा (शंट निगेटिव्हमध्ये बसतो आणि आत-बाहेर जाणारा करंट मोजतो), आणि सगळे निगेटिव्ह शंटच्या पलीकडनं घ्या. एक जरी थेट बॅटरीला लावलात तर हिशोब खोटा.

घरचा एसीचा एमसीबी डीसीला वापरू नका. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत ती आतल्या आत जळत राहते.

लेड ॲसिडचा जुना चार्जर लिथियमला लावण्याआधी त्यातला डीसल्फेशन मोड (लेड ॲसिडच्या प्लेटा साफ करायला जास्त व्होल्टेज देणारा) बंद होतो का बघा, होत नसेल तर चार्जर विका. १४.६ व्होल्टच्या वर जायचं काम नाही.

टॅब्युलर (पाणी घालायची लेड ॲसिड) बॅटरी झोपायच्या जागेखाली ठेवू नका, चार्ज होताना हायड्रोजन सोडते. ठेवलेली बघितलीय, वर उदबत्तीसुद्धा.

स्पितीला थंडीत जाणार असाल तर शून्याखाली लिथियम चार्ज करायची नाही, वापरली तर चालते.

एमपीपीटीला, म्हणजे सोलर चार्ज कंट्रोलरला, आधी बॅटरी जोडा, मग पॅनल. काढताना उलटं.

सावलीत गाडी, उन्हात पॅनल हे दोन्ही पाहिजे असेल तर पॅनल सुटं ठेवा आणि लांब वायर घ्या. आंब्याच्या झाडाखाली गाडी लावून "पॅनल खराब लागलं" म्हणून मला फोटो पाठवू नका. २०० वॅटचं सपाट पॅनल एप्रिलच्या कडक उन्हात दिवसाला सातशे-आठशे वॅट-अवर देतं, पावसाळ्यात ताम्हिणीत मी त्याच पॅनलचे शंभरसुद्धा न आलेले दिवस बघितलेत. हे खरेदीच्या आधी कॅलेंडरच्या मागे लिहून काढा, फ्रिज किती, पंखा किती, किती तास. नवशिक्यांना हे कंटाळवाणं वाटतं, त्यांना डायरेक्ट "कुठली बॅटरी घेऊ" याचं उत्तर हवं असतं.

इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी तासाला एक-दीड अँपिअर-अवर खातो. झोपताना बंद करा. मोबाईल १२ व्होल्टच्या सॉकेटवर चार्ज होतो, त्याला इन्व्हर्टर कशाला.

आणि नट. आपल्या रस्त्यांवर सगळं सैल होतं. मी प्रत्येक नट आवळला की नट आणि लगवरनं बायकोच्या नेलपॉलिशची एक रेघ ओढतो, रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. पहिल्या खराब रस्त्यानंतर, आणि मोठा लोड दहा मिनिटं चालवल्यावर, प्रत्येक लगजवळ हाताची मागची बाजू नेऊन बघतो. कोमट चालेल, चटका नको. आवळताना आधी निगेटिव्ह काढायचं, हातातलं कडं, अंगठी खिशात, आणि १३ नंबरच्या पान्याला तोंड सोडून सगळीकडं टेप गुंडाळलेली. माझ्या पान्याच्या दांड्यात टेपखाली वितळलेला एक खळगा आहे, टेप त्यानंतर गुंडाळली.