जॅमर-विरोधी अँटेनाचा नल उथळ पडतोय? या चुका टाळा

जीपीएसचा एल-1 हा मुख्य सिग्नल 20,200 किलोमीटरवरून खाली येईपर्यंत साधारण उणे 128 डीबीएम (ताकदीचं एकक; जितकं जास्त उणे, तितका सिग्नल क्षीण) उरतो. मोकळ्यावर एक किलोमीटर दूर ठेवलेला 1 वॉटचा जॅमर, म्हणजे सिग्नल बुडवणारा ट्रान्समीटर, मात्र उणे 66 डीबीएमने येऊन आदळतो, म्हणजे पंधरा लाख पट ताकदीने. त्याच्याशी झुंजायला सीआरपीए हा अनेक घटकांचा (इथे सात) अँटेना वापरतात; प्रत्येक घटकाचा सिग्नल आपापल्या चॅनेलने येतो. प्रत्येक घटकाच्या सिग्नलला असं वजन द्यायचं, म्हणजे त्याची ताकद आणि फेज (लहर किती पुढे-मागे आहे ते) असं बदलायचं, की जॅमरच्या दिशेने आलेलं सगळं बेरजेत एकमेकांना खोडून टाकेल. अँटेना जिथे असा बहिरा होतो, ती दिशा म्हणजे नल.

नल उथळ पडला, म्हणजे जॅमर पुरेसा दबला नाही, की पहिला संशय अल्गोरिदमवर जातो. माझा अनुभव वेगळा आहे: दोष बहुतेक वेळा फिल्टर आणि केबलमध्ये निघतो.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे फक्त एका टोनवर (एकाच फ्रिक्वेन्सीच्या सिग्नलवर) चाचणी घेणं. टोन दिला की 50 डीबीचा सुंदर नल दिसतो, सगळे खूश होतात. मग रुंद बँडचा नॉइज जॅमर लावला की तोच नल अर्ध्यावर येतो. कारण सोपं आहे. दोन चॅनेलमधला फेजचा कायमचा फरक अल्गोरिदम स्वतःच सावरून घेतो, पण वेळेचा फरक सावरत नाही. फक्त 1 नॅनोसेकंदाचा फरक, म्हणजे जेमतेम वीस सेंटिमीटर केबल, 20 मेगाहर्ट्झच्या बँडवर 7.2 अंशांची फेज फिरवतो. मध्यावर जुळवलं, तरी कडांवर साडेतीन अंश उरतात आणि तिथे नल 24 डीबीच्या आसपास अडकतो. म्हणून केबल मोजून कापा, फिल्टर एकाच बॅचचे घ्या आणि प्रत्येक चॅनेलमागे काही टॅप (त्याच सिग्नलच्या थोड्या थोड्या उशिराच्या प्रती) द्या, म्हणजे वजन फ्रिक्वेन्सीनुसार बदलता येईल. आधी नेटवर्क ॲनालायझरवर सातही चॅनेलचा ग्रुप डिले (सिग्नलला लागणारा उशीर) एकमेकांवर ठेवून बघा. हा एक तास वाचवू नका.

प्रत्येक चॅनेलला स्वतंत्र एजीसी (गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते, आपोआप बदलणारं सर्किट) देणं ही दुसरी जुनी खोड. गेन बदलला की फेजही हलते, आणि सातही जण आपापल्या मनाने हलले तर कॅलिब्रेशन वाया जातं. गेन सगळ्यांचा एकत्रच हलवा. एलएनए (अँटेनालगतचा पहिला ॲम्प्लिफायर) सॅच्युरेट झाला, तर पुढचं कुठलंही गणित उपयोगाचं नाही. साध्या रिसीव्हरमधला दोन बिटांचा एडीसीही (सिग्नलचे आकडे करणारा भाग) इथे चालत नाही. दांडगा जॅमर आणि क्षीण सिग्नल एकत्र पकडायला एका बिटामागे जेमतेम 6 डीबी मिळतात.

आकार लहान करायचा मोह समजतो. पण एल-1 ची अर्धी तरंगलांबी 9.5 सेंटिमीटर आहे. घटक त्याहून जवळ आले की त्यांचे सिग्नल एकमेकांत शिरतात. एकेक घटक सुटा मोजून काढलेला पॅटर्न (कुठल्या दिशेने किती ऐकू येतं ते) मग खोटा ठरतो. बाकीच्यांना 50 ओहमचं टर्मिनेशन लावून, प्रत्यक्ष छतावर किंवा विमानाच्या अंगावर बसवूनच मोजा. नाविक या भारताच्या उपग्रह दिशादर्शन यंत्रणेसाठी घटकांची हीच तबकडी लांब लहरीच्या एल-5 बँडला दाट पडते. एस बँडला उलट होतं: तरंगलांबी 12 सेंटिमीटर असल्याने ती विरळ पडते आणि भलत्याच दिशेला जास्तीचा नल येऊन चांगला उपग्रह बुडू शकतो.

सात घटक म्हणजे सहा जॅमर दाबता येतात, हे कागदावरचं गणित. पंखावरून, टपावरून परतलेली प्रतिबिंबंही त्यातलीच जागा खातात.

चाचणीत जॅमर स्थिर ठेवणंही चूकच. 2012 मध्ये अमेरिकेतल्या न्यूअर्क विमानतळाच्या यंत्रणेत व्यत्यय आणणारा जॅमर एका ट्रकमध्ये होता. अशा हलत्या जॅमरमागे नल धावायला हवा. वजनं ठरवताना सरासरी लांब काळाची घेतली तर तो मागे राहतो. मात्र परवानगीशिवाय उघड्यावर जॅमर लावणं आपल्याकडे गुन्हा आहे. अनेकोइक चेंबर (लहरी परत न फेकणारी बंद खोली) वापरा, किंवा प्रत्येक घटकासाठी वेगळं आउटपुट देणारा सिम्युलेटर केबलने जोडा.

आणि स्पूफिंगवर, म्हणजे खोटे उपग्रह-सिग्नल पाठवून केलेल्या फसवणुकीवर, हाच इलाज समजू नका. खऱ्याइतक्याच ताकदीचा खोटा सिग्नलही नॉइजखाली दडलेला असतो. केवळ पॉवर कमी करणाऱ्या अल्गोरिदमला तो दिसतच नाही. त्यासाठी सगळे उपग्रह एकाच दिशेने येत आहेत का, हे रिसीव्हरमध्ये वेगळं तपासावं लागतं.