बिल क्लिंटन यांच्या कारकिर्दीचा हिशोब मांडताना या चुका टाळा

बिल क्लिंटन २० जानेवारी १९९३ ते २० जानेवारी २००१ अशी आठ वर्षे अमेरिकेचे अध्यक्ष होते. त्यांनी पद सोडून दोन दशकांहून अधिक काळ लोटला, तरी त्यांच्याविषयीचा वाद मिटलेला नाही. डेमोक्रॅटिक पक्षाचा समर्थक शिलकी अंदाजपत्रक आणि दोन कोटी वीस लाखांहून अधिक नव्या नोकऱ्या पुढे करतो. रिपब्लिकन समर्थक त्याचे श्रेय काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, देतो आणि लगेच महाभियोगाची आठवण करून देतो. अमेरिकेतल्या मराठी घरांमध्येही हा वाद ऐकू येतो, आणि त्यात नवल नाही. एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५,००० वरून १,१५,००० आणि पुढे १,९५,००० पर्यंत वाढवणाऱ्या १९९८ आणि २००० सालच्या कायद्यांवर क्लिंटन यांचीच सही आहे, आणि त्या लाटेत पुण्या-मुंबईचे कितीतरी अभियंते तिकडे गेले.

दोन्ही बाजूंच्या हाती खरी माहिती असते, तरीही वाद बिघडतो. कधी प्रश्न मध्येच बदलतो, कधी तारखा पाहिल्या जात नाहीत, आणि बहुतेक वेळा एका पक्षाला लावलेला नियम दुसऱ्या पक्षाला लावला जात नाही. ज्या चुका मला पुन्हा पुन्हा दिसल्या, त्यांची ही मांडणी आहे.

तारखा न पाहता श्रेय वाटणे

‘क्लिंटन यांनी देशाला मंदीतून बाहेर काढले’ हे विधान चुकीचे आहे. जुलै १९९० मध्ये सुरू झालेली मंदी मार्च १९९१ मध्ये संपली, म्हणजे क्लिंटन यांच्या शपथविधीच्या बावीस महिने आधी. मंदी संपल्याचा अधिकृत निर्वाळा मात्र डिसेंबर १९९२ मध्ये आला आणि तोवर थोरले जॉर्ज बुश निवडणूक हरले होते. बेरोजगारी जानेवारी १९९३ मध्येही ७.३ टक्के होती, त्यामुळे लोकांना मंदी चालूच असल्यासारखे वाटत होते आणि ती भावना समजण्यासारखी आहे. पण सावरण्याची सुरुवात आधीच्या अध्यक्षांच्या काळात झाली होती, हे मान्य करावेच लागते.

कारकिर्दीच्या दुसऱ्या टोकाला हीच चूक उलट दिशेने होते. तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेल्या नॅसडॅक या शेअर बाजाराच्या निर्देशांकाने १० मार्च २००० रोजी शिखर गाठले आणि तिथून तो कोसळू लागला. पुढची मंदी मार्च २००१ मध्ये सुरू झाली, तेव्हा धाकट्या बुश यांना सत्तेवर येऊन दोन महिनेही झाले नव्हते. ‘ज्याच्या काळात घडले, त्याचे ते’ हा नियम मान्य करायचा असेल, तर ही मंदी बुश यांची ठरते. ‘ज्याच्या काळात बीज पडले, त्याचे ते’ असे म्हणायचे असेल, तर ती बऱ्याच अंशी क्लिंटन यांच्या काळातली ठरते, पण मग १९९३ च्या सुधारणेचा वाटा थोरल्या बुश यांना द्यावा लागतो. दोन्हींपैकी कोणताही नियम घेता येईल, मात्र सोयीनुसार दोन्ही घेता येणार नाहीत.

आणखी एक तांत्रिक बाब आहे. अमेरिकी केंद्र सरकारचे आर्थिक वर्ष आदल्या वर्षीच्या १ ऑक्टोबरला सुरू होते, त्यामुळे आर्थिक वर्ष १९९३ चा अर्थसंकल्प बुश यांच्या कारकिर्दीतला होता आणि आर्थिक वर्ष २००१ चा क्लिंटन यांच्या. आकड्यांचा तक्ता समोर असेल, तर त्यातले वर्ष कोणते आहे हे आधी तपासावे.

तूट आणि कर्ज यांची सरमिसळ

या वादातला सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट गोंधळ हाच आहे. एक जण म्हणतो, ‘क्लिंटन यांनी सलग शिलकी अंदाजपत्रके दिली.’ दुसरा सरकारी कोषागाराचा तक्ता दाखवून म्हणतो, ‘त्यांच्या काळात राष्ट्रीय कर्ज एकाही वर्षी कमी झाले नाही, मग शिल्लक कसली?’ दोघांचेही आकडे खरे आहेत, आणि म्हणूनच हा वाद तासन्‌तास चालू शकतो.

तूट किंवा शिल्लक म्हणजे एका वर्षातला जमा-खर्चाचा फरक. आर्थिक वर्ष १९९२ मध्ये ही तूट सुमारे २९० अब्ज डॉलर होती. १९९८ मध्ये सुमारे ६९ अब्ज, १९९९ मध्ये १२६ अब्ज, २००० मध्ये २३६ अब्ज आणि २००१ मध्ये १२८ अब्ज डॉलर शिल्लक पडली. कर्ज म्हणजे आजवर साचलेली एकूण देणी, आणि ते दोन तऱ्हांनी मोजले जाते. पहिल्या मोजणीत केवळ बाहेरच्यांकडचे रोखे धरतात, म्हणजे नागरिक, बँका, परदेशी सरकारे आणि अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेडरल रिझर्व्ह यांच्याकडचे. दुसऱ्या मोजणीत सरकारने स्वतःच्याच निधींना दिलेले रोखेही मिळवतात, आणि त्यांत सर्वांत मोठा असतो सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतन निधी. त्या वर्षांत या निधीत खर्चापेक्षा वर्गणी बरीच जास्त जमा होत होती, आणि कायद्याने ती जादा रक्कम सरकारी रोख्यांतच गुंतवावी लागते. परिणामी बाहेरच्यांचे कर्ज १९९७ ते २००० या काळात सुमारे ३.८ लाख कोटी डॉलरवरून ३.४ लाख कोटी डॉलरपर्यंत उतरले, आणि त्याच वेळी एकूण कर्जाचा आकडा मात्र थोडा थोडा वाढतच राहिला.

म्हणून ‘शिल्लक खोटी होती’ असे म्हणणाऱ्याला विचारावे, की सामाजिक सुरक्षा निधी बाजूला ठेवून हिशोब करायचा आहे का? तसा केला, तर १९९८ ची शिल्लक नाहीशी होते, १९९९ मध्ये ती जेमतेम उरते, आणि २००० मध्ये मात्र ८० अब्ज डॉलरहून अधिक शिल्लक राहतेच. हे उत्तर दोन्ही पक्षांना थोडेसे गैरसोयीचे आहे, पण माझ्या मते सर्वांत प्रामाणिक उत्तर तेच आहे. आणि हीच कसोटी आधीच्या व नंतरच्या प्रत्येक अध्यक्षाला लावायला हवी, कारण सामाजिक सुरक्षा निधीची जादा रक्कम रेगन आणि दोन्ही बुश यांच्या आकड्यांतही मिसळलेली आहे.

सगळे श्रेय एकाच हाती देणे

शिलकीचे श्रेय कोणाचे, या प्रश्नाला एका नावाचे उत्तर नाही. थोरल्या बुश यांनी १९९० मध्ये ‘नवे कर नाहीत’ हे आपले वचन मोडून काँग्रेसशी करार केला, प्राप्तिकराचा वरचा दर २८ वरून ३१ टक्के केला आणि नव्या खर्चाला तितकीच तरतूद दाखवण्याचे बंधन स्वीकारले. त्यांना त्याची राजकीय किंमत मोजावी लागली. ऑगस्ट १९९३ च्या कायद्याने क्लिंटन यांनी वरचा दर ३९.६ टक्क्यांवर नेला. तो कायदा प्रतिनिधिगृहात २१८ विरुद्ध २१६ मतांनी, आणि सिनेटमध्ये उपाध्यक्ष अल गोर यांच्या निर्णायक मताने मंजूर झाला. एकाही रिपब्लिकन सदस्याने त्याच्या बाजूने मत दिले नाही. या करवाढीने मंदी येईल, असे तेव्हा रिपब्लिकन नेते न्यूट गिंगरिच यांनी बजावले होते. ते भाकीत खोटे ठरले, हे रिपब्लिकन समर्थकाने मान्य केले पाहिजे.

पण डेमोक्रॅटिक समर्थकाच्या वाट्यालाही असाच एक कडू घोट आहे. १९९३ चा कायदा मंजूर झाला, तेव्हा त्यातून पाच वर्षांत शिल्लक पडेल असे कोणी म्हटले नव्हते. नोव्हेंबर १९९४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृह जिंकले, त्यानंतर दोनदा सरकारी कामकाज ठप्प होण्यापर्यंत संघर्ष झाला, आणि खर्चावरचा दबाव त्यातून वाढला हे नाकारता येत नाही. मात्र १९९७ च्या द्विपक्षीय कराराचे उद्दिष्ट २००२ पर्यंत अंदाजपत्रक संतुलित करण्याचे होते, आणि प्रत्यक्षात शिल्लक दुसऱ्याच वर्षी पडली. म्हणजे तो करारही एकटा पुरेसे कारण ठरत नाही. शीतयुद्ध संपल्याने संरक्षणखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे साडेचार टक्क्यांवरून तीन टक्क्यांच्या आसपास आला होता. संगणक आणि इंटरनेट उद्योगाच्या भरभराटीने पगार, समभाग आणि भांडवली नफा यांवरील कराची अनपेक्षित आवक झाली. रेगन यांनी नेमलेले आणि क्लिंटन यांनी पुन्हा नेमलेले फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी बेरोजगारी घटत असतानाही व्याजदर फारसे चढवले नाहीत. एवढ्या कारणांतून एकच उचलणे म्हणजे भरल्या विहिरीचे श्रेय एकाच सरीला देण्यासारखे आहे.

दोष मात्र एकाच पक्षाच्या माथी मारणे

उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करारावर डिसेंबर १९९२ मध्ये सही केली थोरल्या बुश यांनी आणि तो संसदेतून मंजूर करून घेतला क्लिंटन यांनी. नोव्हेंबर १९९३ मध्ये प्रतिनिधिगृहात त्याच्या बाजूने १३२ रिपब्लिकन आणि १०२ डेमोक्रॅटिक मते पडली. व्यापारी बँका आणि गुंतवणूक बँका यांच्यातली भिंत पाडणारा १९९९ चा कायदा सिनेटमध्ये ९० विरुद्ध ८ मतांनी संमत झाला. ही मते माहीत नसताना ‘त्यांनी कारखाने बाहेर घालवले’ किंवा ‘त्यांनी २००८ चे संकट आणले’ असे म्हणणे अर्धवट आहे.

२००८ च्या संकटाबाबत दोष शोधायचाच असेल, तर तो नेमका शोधावा. त्या संकटात बुडालेली लेहमन ब्रदर्स ही निव्वळ गुंतवणूक बँक होती, त्यामुळे १९९९ च्या कायद्याने तिचे पतन पुरेसे स्पष्ट होत नाही. बाजाराबाहेर होणाऱ्या डेरिव्हेटिव्ह व्यवहारांना (म्हणजे ज्यांचे मूल्य दुसऱ्या एखाद्या मालमत्तेच्या किमतीवर ठरते अशा करारांना) नियमनातून वगळणारा डिसेंबर २००० चा कायदा हा अधिक भक्कम आक्षेप आहे. वायदे बाजार नियामक आयोगाच्या अध्यक्ष ब्रुक्सली बॉर्न यांनी १९९८ मध्येच या व्यवहारांवर देखरेखीचा प्रश्न उपस्थित केला होता, आणि क्लिंटन यांच्याच प्रशासनाने त्याला विरोध केला. या विषयात आपल्याला मिळालेला सल्ला चुकीचा होता, असे क्लिंटन यांनी स्वतः २०१० मध्ये मान्य केले.

नैतिकतेचा मापदंड पक्ष पाहून बदलणे

अर्थकारणावरचा वाद हरू लागला, की विषय महाभियोगाकडे वळतो, आणि महाभियोगावर कोंडी झाली, की तो पुन्हा नोकऱ्यांच्या आकड्यांकडे वळतो. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बेरोजगारी एप्रिल २००० मध्ये ३.८ टक्क्यांवर आली, म्हणून मोनिका लेविन्स्की यांच्याशी असलेल्या संबंधांविषयी शपथेवर दिलेली दिशाभूल करणारी उत्तरे माफ होत नाहीत. आणि ती उत्तरे दिली, म्हणून बेरोजगारीचा आकडाही बदलत नाही.

महाभियोगाच्या प्रश्नातही तीन प्रश्न गुंतलेले आहेत: वर्तन अनुचित होते का, कायदा मोडला का, आणि पदच्युत करण्याइतका तो अपराध होता का. प्रतिनिधिगृहाने १९ डिसेंबर १९९८ रोजी शपथेवर खोटे बोलणे आणि न्यायप्रक्रियेत अडथळा आणणे या दोन आरोपांवर महाभियोग मंजूर केला. १२ फेब्रुवारी १९९९ रोजी सिनेटमध्ये पहिल्या आरोपावर ४५ आणि दुसऱ्यावर ५० मते दोषी ठरवण्याच्या बाजूने पडली, आवश्यक होती ६७. एखाद्याने पहिल्या दोन प्रश्नांना ‘होय’ आणि तिसऱ्याला ‘नाही’ म्हटले, तर त्यात विसंगती नाही.

विसंगती इतरत्र आहे. सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन या पुराणमतवादी प्रोटेस्टंट चर्चसंघटनेने १९९८ मध्ये लोकप्रतिनिधींच्या चारित्र्याविषयी खास ठराव केला होता. पब्लिक रिलिजन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या २०११ च्या पाहणीत खासगी आयुष्यात अनैतिक वागणारा नेता सार्वजनिक कामात नीतीने वागू शकतो, असे मानणारे गोरे इव्हँजेलिकल (बायबलनिष्ठ, धर्मप्रसारावर भर देणारे) प्रोटेस्टंट केवळ ३० टक्के होते. २०१६ मध्ये, डोनाल्ड ट्रम्प उमेदवार असताना, ते प्रमाण ७२ टक्क्यांवर गेले. दुसऱ्या बाजूला, १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी नामनिर्देशित क्लॅरेन्स थॉमस यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप करणाऱ्या अनिता हिल यांच्या साक्षीमागे ठामपणे उभे राहिलेल्यांपैकी अनेक जण पॉला जोन्स यांच्या क्लिंटन यांच्याविरुद्धच्या लैंगिक छळाच्या तक्रारीच्या वेळी गप्प राहिले. क्लिंटन यांनी तेव्हा राजीनामा द्यायला हवा होता, असे डेमोक्रॅटिक सिनेटर कर्स्टन गिलिब्रँड यांनी म्हटले ते २०१७ मध्ये, म्हणजे त्याची काही किंमत मोजावी लागणार नव्हती तेव्हा. मला ही दोन्ही उदाहरणे सारखीच अस्वस्थ करतात. आपले वाक्य बोलण्यापूर्वी त्यात दुसऱ्या पक्षाच्या अध्यक्षाचे नाव घालून ते मोठ्याने वाचावे. तेव्हा ते तितकेच पटले नाही, तर ते वाक्य मागे घ्यावे.

आठवणीवर भिस्त ठेवणे

आठवण पक्षपाती असते. १९८८ च्या राष्ट्रीय मतदार पाहणीत निष्ठावान डेमोक्रॅटिक मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी रेगन यांच्या काळात महागाई वाढल्याचे सांगितले, प्रत्यक्षात आधी १३ टक्क्यांहून अधिक असलेली महागाई ४ टक्क्यांच्या आसपास आली होती. १९९६ मध्ये तूट सातत्याने घटत असताना अनेक रिपब्लिकन मतदारांनी ती वाढल्याचे सांगितले. म्हणून ‘मी तेव्हा तिथेच होतो’ हा पुरावा मानू नये. १९९८ साली नोकरीवर रुजू झालेल्याला तो काळ सुवर्णकाळ वाटतो, आणि २००१ मध्ये नोकरी गेलेल्याला तो फुगा वाटतो.

वाद तरीही अडकला, तर जानेवारी २००१ मधले दोन कागद शेजारी ठेवावेत. पहिला १९ जानेवारीचा करार, ज्यात क्लिंटन यांनी शपथेवरची आपली काही उत्तरे खोटी असल्याचे मान्य केले, वकिलीची सनद पाच वर्षे निलंबित होणे स्वीकारले आणि २५,००० डॉलर दंड भरण्याचे कबूल केले. दुसरा महिनाअखेरचा काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अहवाल, ज्यात पुढच्या दहा वर्षांत ५.६ लाख कोटी डॉलर शिल्लक पडेल असा अंदाज होता. तो अंदाज का चुकला, त्यात नंतरच्या करकपातींचा वाटा किती, युद्धांचा किती आणि मुळातच फुगलेल्या महसुलाचा किती, हा पुढचा प्रश्न आहे, आणि त्यासाठी धाकट्या बुश यांचे तक्ते उघडावे लागतात.