पीडीएफवरचे शेरे आणि हायलाइट एकाच शीटमध्ये

ठाण्यातल्या सोसायटीत पुनर्विकासाच्या कराराचा मसुदा फिरला की चार-पाच जण पीडीएफवर पिवळं फासून, शेरे टाकून परत पाठवतात. ते हाताने उतरवणं सेक्रेटरीच्या गळ्यात पडतं. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि पीडीएफ वाचणारी तिची पायमूपीडीएफ ही लायब्ररी असेल तर वीसेक ओळींच्या कोडमध्ये काम होतं.

१. फाइल उघडून प्रत्येक पानावर 'अ‍ॅनॉट्स' (पानावरचे शेरे-हायलाइट एकेक करून देणारी आज्ञा) फिरवा. शेरा 'इन्फो'मधल्या 'कंटेंट'मध्ये, लिहिणाऱ्याचं नाव 'टायटल'मध्ये. नाव रिकामं निघालं तर फाइलचं नाव लावा.

२. खरी गोची हायलाइटची. त्याचा 'कंटेंट' बहुतेकदा कोराच असतो, कारण पीडीएफ रंगवलेला मजकूर नाही, फक्त त्याचे कोपरे साठवते. ते 'व्हर्टिसेस'मध्ये मिळतात: चार बिंदूंचा एक गट म्हणजे एक ओळ. प्रत्येक गटाचा वेगळा चौकोन करा, वरून-खालून २ पॉइंट आत ओढा आणि 'गेट टेक्स्टबॉक्स'ला (चौकोनातला मजकूर काढणाऱ्या आज्ञेला) द्या. आत ओढला नाही तर शेजारच्या ओळीतली अक्षरं घुसतात. अख्ख्या हायलाइटचा एकच चौकोन घेतलात तर न रंगवलेले शब्दही येतात.

३. पानं ० पासून मोजली जातात, १ मिळवा. सगळं सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्याच्या फाइलीत) लिहा, अक्षरांचं एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' ठेवा, नाहीतर एक्सेलमध्ये मराठीचा चिवडा होतो.

सभासदांना आधीच बजावा: फाइल 'सेव्ह' करून पाठवा, 'प्रिंट टू पीडीएफ' करून नको. तसं केलं की शेरे पानाच्या चित्रात मिसळतात आणि कोडच्या हाती काहीच लागत नाही.