कोरडवाहू ज्वारीत दाणा आणि चारा दोन्ही घालवणाऱ्या या चुका टाळा

फुलोऱ्यापर्यंत हिरवीगार दिसणारी ज्वारी दाणा भरायच्या वेळी लोळली, की दोष पावसाला दिला जातो. आधी रानातली ताटं मोजा. कडबा जास्त निघेल म्हणून पेरणी दाट केली आणि विरळणी (जादा रोपं उपटणं) राहून गेली, तर जमिनीतली ओल फुलोऱ्याआधीच संपते. पुढे पाण्याचा ताण पडला की खोड आतून पोकळ होतं आणि जमिनीलगत मोडतं. हा खडखड्या रोग.

दाण्यासाठी दोन ओळींत 45 सेंमी आणि दोन रोपांत 15 सेंमी अंतर पुरे; हेक्टरी जवळपास दीड लाख ताटं बसतात. उगवणीनंतर 10 ते 12 दिवसांत विरळणी उरका. विरळताना पोंगा (मधला कोवळा शेंडा) सुकलेली रोपं आधी उपटा. ओढल्यावर पोंगा सहज निघाला आणि कुजका वास आला, तर ती खोडमाशी आहे. हिरव्या चाऱ्यासाठी दाट पेरणी वेगळ्या तुकड्यात करा.

युरिया कोरड्या मातीवर फेकून काही साधत नाही, मुळं खाली ओलीत असतात. पेरतानाच दोन चाड्यांच्या पाभरीने (बी आणि खत वेगवेगळं सोडणारं पेरणीचं अवजार) खत बियाण्याखाली द्या.

तण दिसत नाही म्हणून कोळपणी (ओळींमधली माती कोळप्याने हलवणं) टाळणं ही मला सर्वांत महागडी चूक वाटते. भारी जमिनीत भेगांमधून ओल उडून जाते. पेरणीनंतर तिसऱ्या आणि पाचव्या आठवड्यात कोळपा. आठव्या आठवड्यातली कोळपणी तर भेगा बुजवण्यासाठीच असते.

आता जनावरांच्या जिवावर बेतणारी चूक. पीक वाया गेलं म्हणून सुकू लागलेली कोवळी ज्वारी, किंवा कापणीनंतर फुटलेला फुटवा, जनावरांना चारू नका. त्यातून पोटात हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं आणि किरळ लागते: जनावर धापा टाकतं, थरथरतं, कोसळतं, काही मिनिटांत दगावतं. इंजेक्शनचा उतारा आहे, पण वेळ फार थोडा असतो; पशुवैद्याला तत्काळ बोलवा. चाऱ्याची ज्वारी निम्मी फुलोऱ्यात आल्यावरच कापा. नीट वाळवल्यावर हे विष बरंच उतरतं. ताण बसलेल्या ज्वारीतलं दुसरं विष, नायट्रेट, मात्र वाळवूनही जात नाही. ते ताटाच्या बुडाशी साठतं, म्हणून ताण बसलेलं पीक जमिनीपासून वीतभर वर कापा.