पाटणादेवी-पितळखोरे सहकुटुंब : या चुका टाळा

पाटणादेवीला येणारी बहुतेक कुटुंबं त्याच त्या चुका करतात, आणि त्याचा त्रास घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आणि सगळ्यांत लहान माणसांना होतो. आम्ही चाळीसगावचे, त्यामुळे आषाढ लागला की फोन सुरू होतात. पुण्याचे, नाशिकचे, पाहुण्यांचे पाहुणे. प्रत्येकाला तेच सांगायचं, आणि त्यातल्या निम्म्यांनी ते न ऐकता जायचं. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी जागा समजून घ्या. चाळीसगावहून अठरा-एक किलोमीटरवर, सातमाळा डोंगराच्या पायथ्याशी चंडिकादेवीचं, म्हणजेच पाटणादेवीचं, हेमाडपंती मंदिर आहे. हा सगळा भाग गौताळा-औट्रामघाट अभयारण्यात येतो. १९८६ साली घोषित झालेलं हे अभयारण्य साधारण २६० चौरस किलोमीटरचं आहे. खाली आपलं खानदेश, वर छत्रपती संभाजीनगर जिल्हा. मंदिर खाली आहे, पितळखोऱ्याची लेणी वरच्या अंगाला आहेत. हा खाली-वरचा फरक डोक्यात न घेता निघणं, ही पहिली आणि सगळ्यांत महाग पडणारी चूक.

"मामी, नकाशावर जवळच दाखवतंय"

हे वाक्य मी माझ्या भाचेजावयांच्या तोंडून ऐकलं. ऑक्टोबरचे दिवस होते. बरोबर त्यांचे आईवडील, भाची आणि दोन मुलं. रात्री जेवताना मी सांगितलं होतं, की जवाईबापू, सकाळी देवीचं दर्शन घ्या, जेवा, आराम करा. लेणी दुसऱ्या दिवशी गाडीने कन्नड घाट चढून वरच्या बाजूने करा. गाडी लेण्यांच्या डोक्यावर जाते आणि तिथून पायऱ्या उतरायच्या. त्यांनी मान डोलावली. जावयाला एका मर्यादेपलीकडे बोलता येत नाही, म्हणून मीही थांबले.

दुसऱ्या दिवशी दर्शन आटोपेपर्यंत अकरा वाजले. मोबाइलवर पितळखोरे अगदी हाताच्या अंतरावर दिसलं आणि मंडळी मंदिरामागच्या ओढ्याच्या कडेने पायी निघाली. सहा माणसांत दोन बाटल्या पाणी. नकाशा आडवं अंतर दाखवतो. दगडगोटे, चढ आणि ऑक्टोबरचं ऊन दाखवत नाही. दीडच्या सुमारास व्याही एका पळसाखाली बसले ते उठेनातच. त्यांच्या सदऱ्यावर पाठीशी घामाचे पांढरे मिठाचे पट्टे उमटले होते, ओठ सुकले होते, आणि "मी बसतो, तुम्ही या जाऊन" एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. फोन लागत नव्हता. जवाईबापू रेंज शोधायला एका टेपाडावर चढले आणि खाली मुलं रडायला लागली.

त्यांना एका गुराख्याने वाचवलं, हे मी आजही सगळ्यांना सांगते. त्याने व्याह्यांना सावलीत आडवं केलं, पाय दगडावर उंच ठेवले, उपरणं भिजवून मानेवर टाकलं आणि आपल्या बाटलीतलं पाणी घोट-घोट पाजलं. एकदम बाटली तोंडाला लावू दिली नाही. मग खाली येऊन वनखात्याच्या नाक्यावर सांगितलं, तेव्हा आम्हाला कळलं. वनमजूर आणि आमच्या घरची माणसं गेली, तासाभराने त्यांना धरून खाली आणलं. देवीच्या कृपेने निभावलं. पण त्या माणसाचं वय बहात्तर होतं आणि रक्तदाबाची गोळी पर्समध्ये, पर्स गाडीत.

म्हणून माझा नियम साधा आहे. खालून पायी पितळखोरे फक्त धडधाकट माणसांनी करावं, वाट माहीत असलेला स्थानिक माणूस बरोबर घेऊन, आणि उजाडताच निघून. म्हातारी माणसं, लहान मुलं, गुडघ्यांचा त्रास असलेल्या बायका यांच्यासाठी वरची वाट. तिथेही एक गोष्ट विसरतात : आधी उतरायचं असतं, चढण परतताना येते. उतरताना कुणालाच काही वाटत नाही. आमच्या आईला नेलं तेव्हा मी तिला पहिल्या टप्प्यावरच बसवलं, तिथून खालची दरी आणि लेण्यांचा भाग तिला दिसला, आणि त्यातच तिचं समाधान झालं. सगळ्यांनी सगळं बघितलंच पाहिजे हा हट्ट कशासाठी?

आणि पाटणादेवी, पितळखोरे, गौताळा, वेरूळ हे सगळं एका दिवसात "कव्हर" करणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत. ते गाडीतच जास्त वेळ बसतात. एक दिवस, एक जागा.

ओढ्यात उतरणं

पावसाळ्यात केदारकुंडाचा आणि धवलतीर्थाचा धबधबा बघायला गर्दी लोटते. पाणी घोट्याएवढं असतं, मुलं उतरतात, मागून मोठी माणसं उतरतात, आणि ऊन पडलेलं असल्यामुळे सगळे निर्धास्त. इथेच चूक होते. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर पठारावर पाऊस पडत असू शकतो, आणि ते सगळं पाणी याच अरुंद दऱ्यांमधून खाली येतं. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस हे चाळीसगावाने पाहिलं. डोंगरात रात्रभर कोसळलेल्या पावसाने ३१ ऑगस्टला तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, गावात पाणी शिरलं, कितीतरी जनावरं वाहून गेली आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या. ज्यांनी तो चिखल उपसला त्यांना ओढ्याचं भय वेगळं सांगावं लागत नाही.

पाणी एकाएकी गढूळ झालं, पालापाचोळा नि काटक्या वाहत यायला लागल्या, किंवा वरून घरघर ऐकू आली, की चप्पल-मोबाइल-डबा तिथेच सोडून कडेच्या उंच जागी चढायचं. ओढ्याच्या पलीकडे अडकलात तर तिथेच थांबा. पाणी ओसरायला वेळ लागतो, पण ते ओसरतं. मुलांचे हात धरून, साखळी करून मधून येणं हा शुद्ध वेडेपणा आहे. आमच्या घरात भाद्रपद सरेपर्यंत मुलांनी कुंडाच्या काठापुढे जायचं नाही म्हणजे नाही.

याच्या उलट चूक एप्रिल-मेमध्ये होते. जुने फोटो बघून लोक धबधबा बघायला येतात आणि कोरडा कातळ बघून चिडतात. खानदेशात तेव्हा पारा ४४-४५ वर असतो. झाडं निष्पर्ण, दगड तापलेले. त्या दिवसांत लहान मुलांना इथे आणूच नका. हिरवं बघायचं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर, निवांत फिरायचं असेल तर डिसेंबर-जानेवारी.

धूर आणि अत्तर

लेण्यांच्या कपारींत आणि कड्यांवर आग्या मोहोळाची पोळी असतात. तरी लोक कड्याच्या आडोशाला तीन दगड मांडून भरितासाठी वांगी भाजायला बसतात. एकदा मी समोर पाहिलंय : एक म्हातारा वनमजूर लांबून हात हलवत ओरडत आला, "आठे धूर नको भो!" (इथे धूर नको, भाऊ!) आणि चूल पेटवणारा तरुण त्याच्याशी हुज्जत घालत राहिला. शेवटी त्या म्हाताऱ्याने स्वतः पाणी ओतून जाळ विझवला. वर पोळ्यावर माश्यांची लाट उठायला लागली होती, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकणारी. ती लाट म्हणजे त्यांची ताकीद असते.

अभयारण्यात जाळ करायलाच बंदी आहे. भरीत घरून करून आणा. अंगावर उग्र सेंट मारून येऊ नका, मोठ्याने गाणी लावू नका, पोळ्याला दगड मारणाऱ्या पोराला तिथल्या तिथे दटावा. आणि माश्या उठल्याच, तर डोकं-तोंड ओढणीने किंवा टॉवेलने झाका आणि सरळ रेषेत लांब पळा. हात झटकू नका. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत बसतात. नांगी लवकरात लवकर नखाने खरवडून काढा. कुणाला धाप लागली, ओठ-डोळे सुजले, तर घरगुती उपाय करत न बसता दवाखाना गाठा.

बाकीच्या

सपाता आणि उंच टाचांच्या चपला. शेवाळलेल्या पायऱ्यांवर घसरतात. पट्ट्याची सँडल किंवा बूट घाला.

माकडांना फुटाणे देणं. आज तुम्ही देता, उद्या ती दुसऱ्याच्या लेकराच्या हातातला डबा ओढतात.

हॉटेलच्या भरवशावर निघणं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. हे दिवसभर टिकतं. पाणी माणशी निदान दोन-तीन लिटर, शिवाय मीठ-साखर आणि सगळ्यांच्या रोजच्या गोळ्या अंगावरच्या पिशवीत, गाडीत नाही.

नवरात्रात आणि चैत्राच्या यात्रेत "शांत जंगल" अनुभवायला येणं. त्या दिवसांत देवीसाठी या, भक्तीने या. जंगलासाठी दुसरा दिवस निवडा.

संध्याकाळी रेंगाळणं. इथे बिबटे आहेत, अस्वलं आहेत, आणि २०२१ मध्ये विदर्भातून चालत आलेला वाघही गौताळ्यात कॅमेऱ्यात टिपला गेला. ऊन कलायला लागलं की निघा. मुलांना झुडपांमागे एकटं पाठवू नका.

डोळे मिटून बघणं

या चुकीने कुणाला दुखापत होत नाही, पण मला सगळ्यांत जास्त वाईट हिचंच वाटतं. लोक एवढ्या लांबून येतात, लेण्यासमोर पाठ करून फोटो काढतात आणि निघतात. "काही नाही हो, पडकंच आहे सगळं," असं म्हणणारेही भेटतात.

पडकं आहे, खरंय. इथला खडक भेगाळ, दर्शनी भाग कोसळलेत. पण ही लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात खोदायला सुरुवात झाली. तेव्हा अजिंठ्याची बहुतेक लेणी खोदलेलीही नव्हती. पैठणहून डोंगर ओलांडून खानदेशात उतरणाऱ्या व्यापारी वाटेवरची ही जागा. इथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांत पैठणचा सुगंधी वस्तूंचा व्यापारी आहे, राजवैद्य मगिल आहे. इथे सापडलेल्या एका गुटगुटीत, हसऱ्या यक्षाच्या हातावर तो घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे : कण्हदास, धंद्याने सोनार. तो यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, हे आधीच मुलांना सांगा, नाहीतर ती इथे शोधत बसतात. चौथ्या लेण्याच्या जोत्यावरचे हत्ती मात्र इथेच आहेत. त्यांच्यासमोर बसून मुलांना एकेक निरखू द्या. दाराच्या बाजूला पाच फण्यांचा नाग आहे. कातळात कोरलेल्या मार्गाने पाणी आणून त्याच्या फण्यांतून ते बाहेर पडावं अशी सोय तेव्हाच्या पाथरवटांनी केली होती. कसं केलं असेल, हे पोरांना विचारा आणि उत्तर द्यायची घाई करू नका. तिसऱ्या लेण्याच्या खांबांवर नंतरच्या काळातल्या चित्रांचे रंग अजून दिसतात. त्यांना हात लावू नका. बोटांच्या घामाने ते जातात.

खाली, मंदिराजवळच्या पाटण गावाचीही तीच गोष्ट. देवीला नारळ वाढवून लोक गाडीकडे वळतात. याच पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ आहे. ११५० साली सिद्धान्तशिरोमणी लिहिणारे भास्कराचार्य. त्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला आणि इथल्या निकुंभ घराण्याच्या सोइदेव या मांडलिक राजाने १२०७ साली त्याला दान दिलं. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे, पण पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचं कोणतं उत्पन्न मठाला द्यायचं, हे शेवटी मराठीत लिहिलंय, म्हणजे बाजारातल्या माणसाला कळावं. संशोधक भाऊ दाजी लाडांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. आठशे वर्षांपूर्वी या ओढ्याकाठी गणित शिकवलं जात होतं! पावकीच्या पाढ्याला कंटाळलेल्या पोराला हे मंदिराच्या पायरीवर बसून सांगा, त्याचा चेहरा बघा.

आणि हो, कोळशाने, चाकूने भिंतीवर नावं लिहिणाऱ्यांना हटका. अगदी आपल्याच घरातला असला तरी. मी हटकते, भांडण झालं तरी चालतं.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी करा. घरी कुणाला तरी "अमुक वाटेने चाललोय, अमुक वाजेपर्यंत परत" असं सांगून ठेवा, कारण आत रेंजचा भरवसा नाही. आणि वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ व रुग्णवाहिकेचा १०८ हे दोन्ही कागदावर लिहून प्रत्येक मोठ्या माणसाच्या खिशात ठेवा. मोबाइल ओढ्यात पडतो, बॅटरी संपते; कागद राहतो. नाक्यावरच्या माणसाशी दोन शब्द नीट बोला. वर पाऊस आहे का, वाट उघडी आहे का, हे तुमच्या नकाशापेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं, आणि तो "आज नको" म्हणाला तर गाडी वळवून चाळीसगावात या. स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं घर-संग्रहालय आहे, मुलांचा दिवस तिथेही चांगला जातो.