शैक्षणिक अ‍ॅपचा इंटरफेस करताना या चुका टाळा

बँकेच्या अ‍ॅपमध्ये पैसे जितक्या झटपट जातील तितकं बरं. हाच निकष दुसरीच्या गणिताला लावला की घोळ होतो. हातच्याची बेरीज करताना मूल थांबलं, तर ते विचार करत असेल. ‘तपासा’चं बटण सापडेना म्हणून थांबलं, तर दोष आपला. एकूण वेळ मोजलात तर दोन्ही एकाच आकड्यात मिसळतात. म्हणून प्रश्न दिसल्यापासून शेवटचा अंक भरेपर्यंतचा वेळ वेगळा नोंदवा आणि तिथून ‘तपासा’ दाबेपर्यंतचा वेगळा. कमी करायचा तो दुसरा.

चूक होऊच न देण्याचा नियमही इथे जपून वापरावा. चुकीचा पर्याय दाबताच करडा होत असेल, तर चार पर्यायांत मूल चौथ्या टॅपला बरोबर ठरतंच, बेरीज न करता! गुण पहिल्या टॅपलाच द्या, चूक एककात झाली की दशकात ते दाखवा, मग अंक बदलून तसंच गणित पुन्हा विचारा.

मराठीत खरी डोकेदुखी उत्तर तपासण्याची. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन प्रकारे साठवला जातो: नुक्त्याचा ऱ, हलन्त, य, किंवा साधा र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह, य. पडद्यावर फरक दिसत नाही, पण बरोबर उत्तरावर लाल फुली पडते. नुसत्या युनिकोड नॉर्मलायझेशनने (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे साठवलं असेल तर ते एका रूपात आणण्याची ठरावीक प्रक्रिया) हे दोन एक होत नाहीत. तुलनेआधी दुसरं रूप स्वतः पहिल्यात बदलून घ्या. ५ आणि इंग्रजी आकडाही सारखेच धरा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. कोडमध्ये मजकुराची भाषा सांगणारा टॅग मराठीचा ठेवा आणि फाँटमध्ये मराठी वळणाचे ल, श आहेत का ते पाहा. नाहीतर पुस्तकातला ल वेगळा आणि टॅबवरचा वेगळा.

मुलांना अ‍ॅप वापरायला देऊन चाचणी घेताना ‘मनात येईल ते बोलत राहा’ म्हटलं की सात वर्षांचं मूल गप्प होतं. एका टॅबवर दोघांना बसवा, ती आपसात बोलतात. वापरायला किती सोपं हे मोजणारी, मोठ्यांसाठीची दहा विधानांची एसयूएस प्रश्नावली बाजूला ठेवा. ‘किती आवडलं’ हे चेहरा निवडून सांगायच्या हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांच्या पट्टीवरही फार विसंबू नका, लहान मुलं बहुधा सर्वांत हसराच निवडतात. त्यापेक्षा ‘हे पुन्हा करशील?’ असं प्रत्येक खेळाबद्दल विचारा: हो, कदाचित, नाही. आणि आठवड्यानंतर तशीच पाच गणितं कागदावर, अ‍ॅपशिवाय सोडवून घ्या. टॅप सगळे बरोबर पण कागद कोरा राहिला, तर आधी मुलाला मदत म्हणून दिलेल्या इशाऱ्यांचा (हिंटचा) मजकूर तपासा. उत्तर तिथेच फुटलेलं असू शकतं.